हलक्या हाताचा जावई

९ मार्च, ईदचा दुसरा दिवस

काल लेक सेमा आणि जावई होडीनं नदी ओलांडून आले. सेमाची आई गेल्यापासून ईदला घर भरलं की आधी बरं वाटतं, मग चुलीकडे नजर जाते. पण शेजारी राहणारी माझी थोरली बहीण जिदा, मी तिला लोंग म्हणतो, खमकी. तिनं पहाटेच बांबूच्या नळ्यांत भात भाजायला लावला, म्हशीचं मटण नारळाच्या दुधात आटवलं आणि वर मला दटावलं, "पांदाक, आज तरी त्या आगपेट्या चटईवरून उचल. पाहुणे कोळी खायला आलेले नाहीत."

जावई लाझिम मात्र कोळी बघायलाच आला होता. हात चुंबून झाला नाही तोच म्हणतो, "आबा, मॅनेजर कसा आहे?"

मॅनेजर हा माझा सध्याचा वाघकोळी, झुंजीचा. रबराच्या मळ्यावर पूर्वी एक गोरा मॅनेजर होता, छाती काढून, पाय फाकून चालायचा. हाही तसाच चालतो, म्हणून ते नाव. अंगठ्याच्या नखाएवढा जीव, पण आगपेटी उघडली की आधी मालकाकडे रोखून बघतो. लाझिमनं त्याला बोटावर घेतलं, हळूच फुंकर घातली. काय तो हात! कापूस पडावा तसा.

मग रीतीप्रमाणे बायकोनं नवऱ्याची वर्षभराच्या चुकांबद्दल माफी मागायची. सेमा त्याच्या गुडघ्याशी बसली ती किती तरी वेळ मान खाली घालून. लाझिमनं माफ केलं म्हणून डोक्यावर हात ठेवला, तशी ती दचकली. आम्ही सगळे हसलो. लहानपणापासून भित्रीच आहे.

मटणाला तिनं हात लावला नाही. दाढ दुखते म्हणाली. गालही जरा सुजलेला दिसला. मी लवंग दिली.

१२ मार्च

आज पावसानं रबराच्या झाडांची साल ओली, चीक काढता येत नाही. दिवसभर पेट्या साफ केल्या.

या वाघकोळ्यांचं घराणं एकच, पण भावंडांचे स्वभाव निराळे. केवड्याच्या पानात राहतो तो निळा, चपटा, दोन पानं धाग्यानं एकमेकांवर शिवून मधल्या फटीत संसार मांडणारा. मॅनेजर त्यातला. जास्वंदीच्या कुंपणात सापडतो तो हिरवट, दिसायला देखणा, लढायला आळशी. आणि वर जंगलात, रानआल्याच्या रुंद पानांत राहतो तो सोनपट्टी. पाठीवर सोन्याच्या तारेसारखी रेघ. असा एक माझ्याकडे असावा ही माझी जन्मभराची इच्छा. हयातीत तो दुसऱ्यांच्या पेटीतच पाहिला.

सेमाला मागणी घालायला लोक आले तेव्हा जिदा म्हणत होती, मशिदीजवळच्या मास्तराला दे, गरीब आहे पण हसरा आहे. मी ऐकलं नाही. मी माझी रीत लावली. लाझिमच्या तळहातावर नुकतीच कात टाकलेला वाघकोळी ठेवला. त्या वेळी त्याचं अंग ओल्या कागदासारखं असतं, श्वास जोरात लागला तरी पाय मोडतो. लाझिमनं त्याला या हातावरून त्या हातावर घेतलं, पानावर उतरवलं, आणि त्याचे आठच्या आठ पाय शाबूत! मास्तराला दिला तर त्यानं घाबरून झटकला. मग आणखी काय बघायचं होतं? ज्याच्या हाताला एवढ्याशा जिवाची जाण आहे, त्याच्या हातात माझी पोर सुखरूप.

जिदा आजही म्हणते, "कोळ्यानं जावई निवडला तू. आम्ही आपल्या नुसत्या करवल्या."

१६ मार्च, शुक्रवार

नमाजानंतर लिम तावकेच्या कॉफीच्या दुकानामागे झुंजी लागल्या. लिम चिनी शेठ आहे, म्हणून तावके म्हणतात, पण कोळ्यांच्या बाबतीत आमच्याहून आमचा. झुंजीची पानाची पट्टी त्यानंच धरली होती.

मॅनेजरसमोर वरच्या गावचा एक काळपट निळा आला. दोघांनी पुढचे पाय फाकले, दुरून वाटावं जुने मित्र मिठी मारायला चाललेत. मग पाय पायांत अडकले, डोक्याला डोकं भिडलं, सुळे एकमेकांत रुतले. पट्टी थरथरत होती की लिमचा हात, कळेना. काळपटाचा एक पाय मुळापासून निखळून पानावर पडला आणि पडल्यावरही मिटत-उघडत राहिला. तरी तो रेटतच होता. अखेर मॅनेजरनं त्याला उलटा केला, पोटाला धरलं. काळपट सुटला, पाय आवळून पळत पानाच्या टोकाशी गेला आणि खाली उडी टाकली. मॅनेजर जागचा हलला नाही. हेच मला या जनावराचं आवडतं. हरलेला पळाला की जिंकणारा पाठलाग करत नाही. पळायला पान असलं की कुणी मरत नाही. म्हणूनच दोन नर एका पेटीत कधी कोंडायचे नाहीत, हा आमच्याकडचा पहिला नियम.

लाझिमचा हिरवट मात्र पहिल्याच झटापटीत पाठ फिरवून पळाला. लोक हसले. लिम म्हणाला, "अरे लाझिम, याला लढायला आणलंस की लग्नाला?"

लाझिमही हसला. पळालेल्या हिरवट्याला त्यानं अलगद बोटावर घेतलं, टेबलावर ठेवलं, आणि त्याच्यावर अंगठा टेकवून दाबत गेला. हळूहळू, अजिबात घाई न करता, तोंडावर तेच हसू. हिरवट्याचे पाय अंगठ्याच्या भोवती उघडले आणि मग मिटले. टेबलावर एक ओला ठिपका राहिला. तो त्यानं खिशातल्या सेमाच्या हातरुमालाला पुसला.

मी नजर फिरवून मॅनेजरची पेटी बंद केली. पण तरुण रक्त आहे, चारचौघांत हसं झालं की असं होतं.

२१ मार्च

पलीकडे जाऊन आलो. लाझिमचं घर रबराच्या झाडांत एकटंच, हाकेच्या अंतरावर कुणी नाही. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला त्यानं आतून-बाहेरून फळ्या ठोकल्यात. विचारलं तर म्हणाला, "चोर फार झालेत आबा. मी चीक काढायला गेलो की ही एकटी."

किती काळजी घेतो बिचारा. हे मी परतल्यावर जिदाला सांगितलं. ती विड्याचं पान चुना न लावताच चावत बसली.

सेमानं कॉफी आणली ती बशीत सांडलेली. मी म्हटलं, "हात का कापतो गं?" तर लाझिम म्हणाला, "झोपत नाही नीट." सेमा म्हणाली, "हो, झोपत नाही नीट." अगदी त्याच्याच शब्दांत.

२९ मार्च

सेमा आली. एकटी. होडी कुणाची आणली, सांगत नाही. उजवा हात मनगटापासून भलत्याच बाजूला वळलेला, ओठ फुटलेला, कानामागे रक्त वाळलेलं. म्हणाली, धक्क्याच्या पायऱ्यांवरून घसरले.

आमच्याकडे पाण्यात पायऱ्या शेवाळतात खऱ्या. गावच्या हाडवैद्याला बोलावलं. त्यानं हाड बसवलं तेव्हा सेमा ओरडली नाही. मीच ओरडलो. वैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, माझ्याकडे बघून म्हणाला, "पांदाक, पायऱ्यांना हल्ली बोटं फुटलीत का?" आणि तिच्या दंडावरचे निळे डाग दाखवले. मी म्हटलं, कुणीतरी धरून वर काढली असेल. तो उठून गेला, पानसुपारीही घेतली नाही.

तिन्हीसांजेला सेमा माझ्या पेट्यांजवळ येऊन बसली. "आबा, मी इथंच राहू?"

"राहा की. हात बरा होईपर्यंत राहा."

"आणि मग?"

मी म्हटलं, मगचं मग बघू. तिनं एक पेटी उचलली, कानाला लावली, लहानपणी लावायची तशी.

३१ मार्च

आज इतका आनंद आणि इतकी धावपळ, नीट लिहिता येईल की नाही.

लाझिम आला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून माझे पाय धरले, लहान मुलासारखा रडला. म्हणाला, "तिच्यावाचून घर खायला उठतं आबा. पायऱ्या घासून काढल्या. आता नाही पडायची." जिदा ओटीवरून ओरडली, "पायऱ्या घासल्यास, मनगट कोण घासणार?" मी तिला गप्प केलं. घरचा जावई पायाशी बसलाय आणि हिचं आपलं भलतंच.

मग त्यानं खिशातून दुमडलेलं पान काढलं. उघडतो तर सोनपट्टी! खरा, जिवंत, पाठीवर ती रेघ, पुढचे पाय असे जाड. जंगलात दोन दिवस रानआल्यात शोधला म्हणे, फक्त माझ्यासाठी. माझे डोळे भरून आले. माझ्या वयाच्या माणसासाठी कोण जंगल तुडवतं?

सेमा आतून आली, बोचकं हातात. मी काही बोलायच्या आतच तयार झाली होती. मला म्हणाली, "त्याच्या पेटीला भोकं पाडलीत का आबा?"

"पाडली की, सगळ्याच पेट्यांना असतात."

"बरं झालं. त्याला श्वास तरी घेता येईल."

होडी सुटत होती, सोनपट्टी माझ्या तळहातावर. हाताजवळची पेटी उघडली, त्यात त्याला सारला, झाकण लावलं आणि धक्क्यावर धावलो. लाझिम वल्हं मारत होता, सेमा पाठमोरी. मी हात हलवत राहिलो. ती वळली नाही. हात दुखत असेल.

नवा आणलेला कोळी दोन दिवस अंधारात ठेवायचा, म्हणजे बसतो. मोह आवरतोय.

२ एप्रिल

सकाळी चुलीत काटक्या घातल्या आणि सोनपट्टीची पेटी उघडली.

ती मॅनेजरची पेटी होती. त्या घाईत मी त्याच्याच पेटीत सोनपट्टीला सारला होता. आयुष्यात एकदाही न मोडलेला नियम मोडला, आणि मला कळलंही नाही.

सोनपट्टी मधोमध बसला होता, ताजातवाना. मॅनेजर कोपऱ्यात. चार पाय तळाशी इकडेतिकडे, पोट फाडून आतलं चोखलेलं, नुसतं साल राहिलेलं. एक डोळा दाबून आत गेलेला. पण मी दुसरंच बघत होतो. पेटीचे चारही कोपरे त्याच्या धाग्यानं पांढरे झाले होते. प्रत्येक कोपऱ्यात तो गेला होता, प्रत्येक फटीत डोकं घालून पाहिलं होतं, झाकणाच्या भोकातून एक पाय बाहेर काढला होता आणि तो पाय तसाच भोकात अडकून तुटला होता. तो भ्याड नव्हता. तो हरला होता, आणि हरल्यावर निघून जायचं असतं एवढंच त्याला माहीत होतं. जायला पान नव्हतं.

मी त्याला तळहातावर घेऊन बसलो. जिदा आली, बघितलं आणि म्हणाली, "मेला का रे तुझा वाघ?" मी म्हटलं, "मी दोघांना एकाच पेटीत कोंडलं गं, लोंग." ती म्हणाली, "तेच तर."

आणि मग माझ्या हातातला मॅनेजर जड झाला.

मागच्या दाराला फळ्या. आतून आणि बाहेरून.

होडी काढतो. बाकी मग.

५ एप्रिल

उजव्या बरगड्या बांधल्यात, लिहिताना कण्हतो. पण लिहिणार.

नदी कशी ओलांडली आठवत नाही. रबराच्या झाडांत शिरलो तेव्हाच आवाज ऐकला. ओरडणं नव्हतं. तांदळाचं पोतं जमिनीवर आपटावं तसा, थांबून थांबून. पुढचं दार आतून लावलेलं. मी "सेमा!" म्हणून हाक मारली. आवाज थांबला. लाझिम आतून अगदी शांतपणे म्हणाला, "आबा, नंतर या. तिला बरं नाही."

मी मागे गेलो. माझ्याकडे कोयता होता, नारळ सोलायचा. फळ्यांवर घातला. एक, दुसरी. खिळे किंचाळत निघाले. फटीतून सेमा दिसली, जमिनीवर, कामट्या बांधलेला हात पोटाशी, तोंडाच्या जागी रक्ताचा लगदा. तिनं मला पाहिलं आणि डोकं त्या फटीत घातलं. कोपऱ्यात मॅनेजरनं घातलं होतं तसंच. मी वेड्यासारखा फळ्या तोडत सुटलो.

लाझिम पुढून फिरून आला. त्यानं माझं कोयता धरलेलं मनगट पकडलं आणि पिरगळलं. कोयता कुठे गेला कोण जाणे. मग छातीत गुडघा. मी पायरीवर पडलो, बरगडी तुटल्याचं मलाच ऐकू आलं. त्यानं माझं डोकं केसांनी धरून पायरीच्या कडेवर आपटलं, दोनदा, हळूच, अंदाज घेत घेत. मग गळ्यावर पाय ठेवला आणि एक हात पायरीवर टेकून माझ्याकडे वाकला. तोच हात. घामानं चकाकत होता, बोटं लांबसडक. म्हणाला, "आबा, नवरा-बायकोत पडू नये माणसानं. तुम्हाला सोनपट्टी दिला ना?"

माझ्या डोळ्यांपुढे काळं यायला लागलं. आणि त्या काळ्यातून सेमा आली. तोडलेल्या फळ्यांतून अंग खरडत बाहेर आली, डाव्या हातात मिरची वाटायचा दगडी बत्ता. बत्ता उचलला आणि त्या टेकलेल्या हातावर मारला.

सुकं लाकूड फुटावं तसा आवाज झाला. लाझिम किंचाळत माझ्यावरून मागे पडला. हात छातीशी धरला, तर तिनं छातीशी धरलेल्यावरच मारला. तो गुडघ्यांवर आला, हात जमिनीवर लोंबला, तिनं जमिनीवर मारला. बोटं कुठली आणि माती कुठली, कळेना. तो आता "सेमा, सेमा" म्हणत होता, लाडानं म्हणतात तसं. तिनं बत्ता डोक्याच्या वर उचलला. मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, "पोरी. पान मोकळं आहे. चल."

ती तशीच उभी राहिली. मग बत्ता टाकला नाही, घेऊनच निघाली. होडीत मी वल्हवू शकत नव्हतो. तिनं एका हातानं वल्हवलं. होडी फिरत होती, पुढे जात होती, फिरत होती. पलीकडच्या काठावर जिदा पाण्यात कमरेपर्यंत उभी होती, आम्हाला ओढायला.

९ एप्रिल

गावचा मुखिया येऊन गेला. सेमाचं तोंड पाहिलं, माझ्या बरगड्या पाहिल्या, आणि बत्ता पाहिला. जिदानं तो धुतलेला नाही, मुद्दाम दारात ठेवलाय. मुखिया म्हणाला, लाझिमकडून तक्रार नाही. पायऱ्यांवरून घसरला, असं सांगतोय सगळीकडे.

"मग शेवाळ फारच वाढलंय पलीकडे," जिदा म्हणाली.

सेमा आतल्या खोलीत निजत नाही. दाराशी निजते, दार उघडं टाकून. आज मी धीर करून तिच्याजवळ बसलो. म्हटलं, "तू मला सांगितलं का नाहीस गं?"

तिचा ओठ अजून सुजलेला, शब्द तुटक येतात. "सांगितलं ना आबा. घसरले म्हणून सांगितलं. तुम्ही खरं मानलंत." मग पेट्यांकडे बघत म्हणाली, "तुमच्या कोळ्याचा अर्धा पाय लंगडला तर तुम्हाला अंधारात कळतं."

 

१५ एप्रिल

दुपारी लिम तावके आला. नेहमीसारखी थट्टा नाही, टोपी हातात. पलीकडून निरोप घेऊन आला होता. चटईवर बसला, कॉफी घेतली, मग म्हणाला, "लाझिम तलाक द्यायला तयार आहे. साक्षीदारांसमोर. हाताचं काही खरं नाही त्याच्या, बोटं वळत नाहीत." कप बाजूला ठेवला. "एकच मागणं आहे म्हणतो. सोनपट्टी परत द्या. बायको ठेवा, तो परत द्या."

जिदा हसायला लागली ती डोळ्यांना पाणी येईपर्यंत. "बघ पांदाक, दोघांतला कोणता महाग होता ते आता कळलं!"

खोटं कशाला लिहू, आधी माझ्या छातीत कळ आली ती सोनपट्टीसाठी. इतक्या वर्षांनी हाती आलेला. मग त्या कळेची लाज वाटली.

पेटी आणली आणि सेमाच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, "तुझ्या हातानं काय करायचं ते कर."

ती पेटी घेऊन केवड्याच्या कुंपणाशी गेली. आम्ही तिघं ओट्यावरून बघत होतो. तिनं झाकण सरकवलं. सोनपट्टी बाहेर आला, तिच्या हाताच्या कामट्यांवर चढला, आणि तिच्या अंगठ्यासमोर पुढचे दोन्ही पाय फाकून उभा राहिला. लढायला तयार. लिम पुटपुटला, "अंगठा मागे घे पोरी." तिनं अंगठा मागे घेतला नाही, पुढेही नेला नाही. दोघंही तशीच, एकमेकांकडे रोखून बघत. मग सोनपट्टीनं पाय मिटले, वळला, आणि पानावर उडी टाकून गेला. दोन पानांच्या फटीत शेवटी ती रेघ दिसली, मग नाही.

सेमा परत आली आणि रिकामी पेटी लिमच्या हातात दिली. त्यानं सवयीनं झाकण सरकवायला बोट लावलं.

"नको तावके," सेमा म्हणाली. "उघडीच न्या."